‘अल्पशा’ची तयार ओळ

जुन्या वर्तमानपत्रांची भाषा वाचू लागले की एक गोष्ट फार लवकर ध्यानात येते. बातमीतली विशेषणे एकटी राहत नाहीत, त्यांची लग्ने ठरलेली असतात. बंदोबस्त ‘कडक’ असतो, सभा ‘जंगी’ असते, कार्यक्रम ‘भरगच्च’ आणि प्रतिसाद ‘उत्स्फूर्त’. सैल बंदोबस्त कधी झालाच नाही असे नव्हे, पण तो झाला तेव्हा त्याची बातमी झाली नाही. या जोड्यांत सर्वांत जास्त वेळा छापली गेलेली आणि सर्वांत कमी वाचली गेलेली जोडी म्हणजे ‘अल्पशा आजाराने’. हे विशेषण घरात कुणी वापरत नाही. ‘मला अल्पसा ताप आहे, आज कामावर जात नाही’ असे म्हणणारा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. हा शब्द वर्तमानपत्रात जन्मला, शेवटच्या पानावर राहिला आणि माणूस गेल्याशिवाय कधी घराबाहेर पडला नाही.

त्याच्या अभ्यासासाठी माझ्याजवळ दोन साधने होती. एक, एका लहान दैनिकाच्या बांधीव फायली. दुसरे, माझी आत्या. पहिल्या साधनाविषयी तळटीप देऊन भागते. दुसऱ्याविषयी गोष्टच सांगावी लागते.

आत्या त्या दैनिकाच्या खिडकीवर बसत असे. तळमजल्यावर रस्त्याला लागून एक खिडकी, तिला बाहेरच्या अंगाला लाकडी फळी, आणि ती फळी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कोपरांनी इतकी गुळगुळीत झालेली की तिच्यावर ठेवलेली पेन्सिल हमखास घरंगळत खाली जाई. फळीच्या आतल्या बाजूला आत्याचे टेबल. पाठीमागे उघडे दार, आणि दारापलीकडे खिळे जुळवण्याची खोली: शिशाच्या अक्षरांची खणाखणांची कपाटे, शाईचा आणि खिळे धुण्याच्या रॉकेलचा वास, ओलसर कागदाचे गठ्ठे. छपाईचे यंत्र सुरू झाले की आत्याच्या टेबलावरचा पेला बशीत किणकिणू लागे. ‘मला घड्याळ लागत नाही, माझा पेलाच वाजतो,’ ती म्हणायची.

ही नोकरी तिला मिळाली त्याची हकीकत घरात वर्षानुवर्षे सांगितली गेली. दैनिकाचे मालक आणि संपादक एकच होते. सगळे त्यांना साहेब म्हणत. त्यांनी तिला समोर बसवून सांगितले, “कुणाही माणसाची निधनवार्ता पाच ओळींत लिहून दाखव.” आत्याला एकच माणूस पाच ओळींपुरता नीट ठाऊक होता, तो म्हणजे तिचे वडील. तिने चार ओळींत संपवली. नोकरी लागली. घरी येऊन तिने हे सांगितले तेव्हा आजोबा जेवत होते.

“म्हणजे मला मारूनच आलीस?”

“कागदावर, अप्पा.”

“‘मनमिळाऊ’ लिहिलंस का?”

“नाही.”

“का नाही?”

“पहिल्याच दिवशी खोटं कसं लिहू?”

आजोबांनी म्हणे तीन दिवस अबोला धरला, आणि आपण मनमिळाऊ नसल्याचे अशा रीतीने सिद्ध केले.

आत्याने लग्न केले नाही. कुणी फार खोदून विचारले तर म्हणायची, “रोज दहा घरचे परिवार मोजते. अकरावा कशाला?” परिवार मोजणे हे तिचे कामच होते. निधनवार्ता त्या दैनिकात फुकट छापल्या जात, आणि फुकट असल्यामुळे त्यांचा साचा ठरलेला होता. कोण गेले, कशाने गेले, वय काय, आणि मग शेवटचे वाक्य: ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ लोक खिडकीपाशी येत, कुणी रडत, कुणी रडणे घरी ठेवून आलेले असत. आत्या जुन्या मुद्रितांच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने लिहून घेई. धीर देण्याची तिची एक पद्धत होती: ती प्रश्न विचारी. “वय किती होतं? आणि मुली किती? मोठी कुठं असते?” मोजता मोजता माणूस सावरतो, असे तिचे मत होते.

‘कशाने’ या प्रश्नाचे उत्तर मात्र तिला सहसा विचारावे लागत नसे. फार पूर्वी त्या दैनिकात रोगाचे नाव छापले जाई. मग एका घरातल्या आजोबांचा छातीचा रोग छापून आला आणि त्याच आठवड्यात नातीचे जमलेले लग्न मोडले. साहेबांनी नियम केला: माणूस छापायचा, रोग नाही. त्या दिवसापासून शेवटच्या पानावर ‘अल्पशा’चा अंमल सुरू झाला. ‘दीर्घ आजाराने’ असे लिहिण्याची मुभा होती, पण लोकच ती घेत नसत. दीर्घ म्हटले की शेजारीपाजारी तर्क लढवू लागत. शिवाय ‘दीर्घ’ म्हणजे घरच्यांनी कंटाळून हयगय केली असेल, अशीही शंका त्यातून डोकावे. अल्पशा म्हटले की सगळेच सुटत. गेलेल्याचे हाल झाले नाहीत, राहिलेल्यांचेही नाहीत. एका लहानशा विशेषणाने इतक्या माणसांची अब्रू सांभाळल्याचे दुसरे उदाहरण मला आढळलेले नाही. अठ्ठ्याण्णव वर्षांचे गृहस्थ अल्पशा आजाराने जात, खाटेला खिळलेले अल्पशा आजाराने जात. खिळे जुळवणाऱ्यांत तर थट्टाच होती, की आपल्या गावची हवा फार चांगली, इथे दीर्घ आजार होतच नाही.

त्या खोलीचे प्रमुख होते मामा. ते कुणाचे मामा होते हे कुणालाच माहीत नव्हते. काळा पडलेला अंगठा, कानावर पेन्सिल आणि तोंडात सदैव एखादी टोचणी. “काय ताई, आज गिऱ्हाइकं किती?” हा त्यांचा दुपारचा नमस्कार. रोज तीच ओळ एकेक अक्षर वेचून कोण जुळवत बसणार, म्हणून मामांनी ‘यांचे अल्पशा आजाराने निधन झाले’ ही ओळ कायमची जुळवून, दोऱ्याने बांधून कपाटाच्या कडेला ठेवलेली होती. अशा तीन ओळी होत्या. थंडी वाढली की चौथी करावी लागे. नाव आणि वय नव्याने जुळवायचे, ही ओळ उचलून मध्ये बसवायची, छापून झाले की धुऊन परत कडेला. घाईच्या कामात तयार गोष्ट हाताला लागते, आणि हाताला लागणारी गोष्ट हळूहळू डोळ्यांना दिसेनाशी होते. पुढे जे घडले ते याच सवयीतून.

गावात एक घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. त्याचे म्हातारे मालक वारले. धाकटा मुलगा खिडकीवर आला, वय सांगितले, परिवार सांगितला, आणि न विचारताच म्हणाला, “नऊ वर्षं अंथरुणावर होते. अर्धं अंग गेलेलं. तसं लिहाल का?” असे स्वतःहून सांगणारा माणूस विरळा. आत्याने पेन्सिलीने ठळक लिहिले: ‘दीर्घ आजाराने’.

दोन दिवसांनी खिडकी उघडायच्या वेळेला एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल. तिने अंक फळीवर पसरला आणि बोट ठेवले.

“हे कोण लिहितं?”

“मीच. काय झालं?”

“अल्पसा म्हणजे किती हो, ताई?”

आत्याने वाचले. मग पुन्हा वाचले. ओळ तिच्या ओळखीची होती, पण तिने लिहिलेली नव्हती.

“मी घड्याळवाल्यांची सून,” बाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, उलट फारच सपाट होता. “नऊ वर्षं मी त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर केलं. भरवलं, पुसलं, रात्री उठून पाहिलं. काल माणसं जमली होती. आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, ‘अगं, शेवटचं दुखणं असं कितीसं होतं?’ त्या परगावी असतात, वर्षातून एकदा येतात. मी म्हटलं, नऊ वर्षं. तर त्यांनी हा पेपर पुढे केला. सगळ्यांदेखत. म्हणाल्या, ‘छापूनसुद्धा आलंय.’”

“तुमच्या यजमानांनी नीट सांगितलं होतं. मीही नीट लिहिलं होतं.”

“मग?”

आत्याने अंक उचलून आपल्याकडे घेतला.

“मला काही नको,” बाई म्हणाली. “माफी नको, काही नको. हे तेवढं खोडा.”

“छापलेलं कसं खोडणार, बाई?”

“मग दुसरं छापा.”

आत्या तो अंक घेऊन आतल्या खोलीत गेली. मामांनी वाचले आणि मान हलवली.

“तुझंच चुकलं असेल. माझा हात चुकत नाही.”

वापरून झालेले कागद तारेला टोचून ठेवायची तिथे पद्धत होती. आत्याने तारेवरून तो कागद काढला आणि मामांच्या पुढ्यात धरला. ‘दीर्घ’ ठळक होते. मामांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिले.

“वाचलंच नाही बघ,” ते म्हणाले. “नाव वाचलं, वय वाचलं, आणि हात गेला तिकडं.”

“आणि मुद्रित तपासताना?”

मुद्रिते तपासणाऱ्या गृहस्थांना कचेरीत ‘ऱ्हस्वदीर्घ’ म्हणत. ते कोपऱ्यातून म्हणाले, “ती ओळ मी गेली कित्येक वर्षं तपासत नाही. ती बरोबरच असते.”

“ऱ्हस्वदीर्घांनी नेमका दीर्घच सोडला,” मामा म्हणाले. पण त्या दिवशी त्यांच्या विनोदाला कुणी हसले नाही, ते स्वतःही नाही.

आत्या जिना चढून साहेबांकडे गेली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि तितक्याच शांतपणे नाही म्हटले. त्यांची कारणे वाईट नव्हती. निधनवार्तेचा खुलासा त्या दैनिकाने कधी छापला नव्हता. “माणूस एकदाच जातो, बाई. त्याची बातमीही एकदाच. आज हिच्यासाठी छापलं, तर उद्या रांग लागेल. कुणाचं ‘मनमिळाऊ’ राहिलं, कुणाची पत्नी ‘सुविद्य’ व्हायची राहिली. आणि ‘अल्पशा’ काही शिवी नाही. आपण लोकांवर पांघरूण घालतो, ओढून काढत नाही.”

आत्याला हे पटले होते. पुढे अनेक वर्षांनीही ती म्हणायची, “साहेबांचं चूक नव्हतं रे. पण पांघरूण कुणाच्या अंगावर घातलंय, हे एकदा बघायला नको का?”

नकार खिडकीतून सांगणे तिला बरे वाटेना, म्हणून संध्याकाळी ती घड्याळवाल्यांच्या घरी गेली. दुकानाच्या मागे दोन खोल्या. आतल्या खोलीत पलंग अजून तसाच होता, भिंतीपासून दोन्ही बाजूंनी हात हात सुटा, म्हणजे कुठूनही वाकता यावे. पायथ्याला जुन्या साडीची पिळून केलेली दोरी बांधलेली. चांगल्या हाताने ती धरून म्हातारे उठून बसत. उशाला नळीचा पेला. पलंगाच्या डाव्या बाजूची फरशी उजवीपेक्षा गुळगुळीत आणि फिकट झालेली. त्या बाजूला एक खुर्ची होती. तिच्या पाठीवर उशी बांधली होती, त्यावरून तिचा उपयोग कळत होता.

बाईने चहा ठेवला. बोलता बोलता ती मध्येच थांबे, आतल्या खोलीकडे कान देई आणि मग आपली आपण भानावर येई.

“अजून सवय जात नाही,” ती म्हणाली. “दर दोन तासांनी जाग येते. उठते, पलंगापाशी जाते, आणि मग कळतं.”

धाकटा मुलगा दारात उभा होता. हळू आवाजाचा माणूस. म्हणाला, “तिचं बरोबर आहे. पण आता छापून काय होणार? झालं ते झालं.”

“तुम्ही दुकानात जा,” बाई म्हणाली, आणि तो गेला. मग आत्याकडे वळून: “तुम्ही नाही म्हणायला आलात ना?”

“कशावरून?”

“हो म्हणायला कोण घरी येतं? हो म्हणायचं असतं तर निरोप आला असता.”

आत्याला तिथे बसवेना. चहा अर्धा ठेवून ती उठली, आणि घरी न जाता थेट कचेरीत गेली. मामा शेवटचे पान बांधत होते.

शेवटच्या पानाची एक खोड असते. सगळा मजकूर बसवला तरी कुठेतरी तीन-चार ओळींची भोके राहतात. ती बुजवण्यासाठी मामांजवळ भरतीचा मजकूर असे: शहामृगाला पोहता येते की नाही, कोणत्या धातूला गंज चढत नाही, असले काही. भरतीचा मजकूर वर दाखवायला लागत नसे. तो मामांचा स्वतःचा प्रांत होता.

“मामा, आज भोक किती ओळींचं आहे?”

मामांनी तिच्याकडे पाहिले. त्यांना सांगावे लागले नाही. “बाजारभावांच्या खाली चार ओळी आहेत. शहामृग घालणार होतो.”

“शहामृग उद्या घाला.”

“साहेबांनी नाही सांगितलंय ना?”

“हो.”

“मग माझी नोकरी जाईल.”

“आधी माझी जाईल. मी लिहून देते, तुम्ही नुसते जुळवा.”

“नुसते जुळवा म्हणे!” मामा उसळले. “तीस वर्षांत या हाताची चूक छापून आली नाही. आता याच हातानं छापायची, चूक झाली म्हणून?” ते पान सोडून खिडकीपर्यंत गेले, परत आले. मग हात पुढे केला. “दे. दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. चुकलेल्या हातालाच करू दे.”

दुसऱ्या दिवशीच्या अंकात बाजारभावांच्या खाली, शहामृगाच्या जागी, हा मजकूर आला. फायलीत तो आजही वाचता येतो: ‘येथील घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या मालकांच्या निधनवार्तेत “अल्पशा आजाराने” असे आमच्या चुकीने छापले गेले. ते नऊ वर्षे अंथरुणाला खिळून होते. या काळात त्यांची सर्व शुश्रूषा त्यांच्या सुनेने केली.’

साहेब सकाळी सगळा अंक हातात लाल पेन्सिल घेऊन वाचत. दोघांनाही बोलावणे आले.

“हे काय आहे?”

“भरती, साहेब,” मामा म्हणाले.

“भरतीत इतकं खरं लिहितात?” साहेबांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. “एकदा झालं. पुन्हा झालं तर दोघांनी दुसरी खिडकी शोधायची. जा.”

नोकऱ्या वाचल्या. आत्या सांगते, त्या दिवशी ती जिना उतरली तेव्हा तिला वाटत होते की आपण आयुष्यात एक तरी काम पुरते केले. ती खिडकीवर बसून वाट पाहत राहिली. बाई येईल, निदान हसेल.

बाई आली ती तिसऱ्या दिवशी, आणि हसली नाही. तिने अंक फळीवर ठेवला, पुन्हा तसेच बोट ठेवले.

“सून म्हणजे कोणती?”

“म्हणजे?”

“आम्ही दोघी आहोत. जाऊबाईंनी हे कापून घेतलंय. काल माहेरी घेऊन गेल्या. तिथं सगळ्यांना वाचून दाखवलं. त्यांच्या आईनं त्यांना जवळ घेऊन म्हटलं म्हणे, ‘किती सोसलंस गं, आणि एका शब्दानं बोलली नाहीस!’”

आत्याला आधी हसू फुटले. इतके अनावर, की तिने तोंडाला पदर लावला. मग तिने बाईच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि हसू जिथल्या तिथे विझले. आधी या बाईची नऊ वर्षे कुणाचीच नव्हती. आता ती दुसरीची झाली होती. आणि ती नेऊन दिली होती आत्याने, स्वतःच्या हाताने, नोकरी पणाला लावून.

अभ्यासकाच्या नजरेने पाहिले तर या चुकीत नवल काहीच नाही. त्या रकान्यात सून हा शब्द आयुष्यभर मोजण्यासाठीच आलेला होता: ‘दोन मुलगे, सुना, नातवंडे’. मुलगे निदान दोन होते. सुनांना तोही आकडा नव्हता. आत्याने हजारो सुना लिहिल्या होत्या. त्यांतली एक वेगळी काढून दाखवायची वेळ आली तेव्हा तिची लेखणी तयार ओळीकडेच गेली, जसा मामांचा हात गेला होता.

“तुमचं नाव घालते,” आत्या म्हणाली. “सरळ नाव छापते.”

“नको, नको.” बाई पहिल्यांदाच घाबरली. “नाव छापलंत तर मला त्या घरात राहणं मुश्कील होईल. भांडण मांडायचं नाहीये मला. ‘धाकट्या’ एवढं घाला. एकच शब्द.”

“एकाच शब्दानं होईल?”

“ज्यांना कळायचं त्यांना कळेल. मला तेवढंच हवंय. जाऊबाईंना कळलं की झालं. आणि मला.”

या वेळी आत्या मामांकडे गेली नाही. पेल्याची किणकिण सुरू व्हायच्या आत ती जिना चढली आणि साहेबांच्या दारात उभी राहिली.

“साहेब, एका शब्दाची जागा हवी आहे.”

“कुणासाठी?”

“त्याच घरासाठी.”

“बाई, मी परवा काय बोललो?”

“दुसरी खिडकी शोधा म्हणालात. शोधेन. पण आधी ऐका.” आणि तिने जाऊबाईंचे माहेर, ते कात्रण, ती आई, सगळे सांगितले. साहेब ऐकत होते. मध्येच त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला, पाणी प्यावे लागले.

“खुलाशाचा खुलासा!” ते डोळे पुसत म्हणाले. “उभ्या जन्मात छापला नाही.” मग हसणे ओसरले. पुढचे जे बोलले ते आत्याने मला इतक्या वेळा सांगितले आहे की ते अवतरणात देण्याचा धोका मी पत्करतो. “असं आहे, बाई. ‘अल्पशा’ हा आपला शिष्टाचार होता. तो सगळ्यांना ठाऊक असतो, वाचणाऱ्यालाही, लिहिणाऱ्यालाही. शिष्टाचारात खरंखोटं बघत नाहीत. पण परवा तुम्ही छापलीत ती बातमी होती. आणि ती चुकीच्या बाईच्या घरी गेली. चुकीची बातमी मी ठेवणार नाही.”

“मग बाजारभावांच्या खाली...”

“तिथं कशाला? ती चोरून छापायची जागा. निधनवार्तांच्या रकान्यात घ्या. सगळ्यांत वर.”

मामांनी ती ओळ जुळवली. ‘दि. अमुकच्या अंकातील मजकुरात “सुनेने” याऐवजी “धाकट्या सुनेने” असे वाचावे.’ एवढीच. जुळवून झाल्यावर त्यांनी आरशातल्यासारखी उलटी अक्षरे बोटाने एकेक करून तपासली, मग ऱ्हस्वदीर्घांना बोलावले आणि त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतली. ऱ्हस्वदीर्घांनी ती तीनदा वाचली, तिसऱ्यांदा न सांगता.

फायली चाळताना मला एक गोष्ट दिसली, ती आत्यानेही कधी सांगितली नव्हती. मामांच्या तयार ओळींपैकी एकीतल्या ‘अ’चा पाय तुटलेला होता. त्या तुटक्या ‘अ’वरून ती ओळ वर्षानुवर्षे ओळखता येते, निरनिराळ्या घरांतून, निरनिराळ्या ऋतूंत तो लंगडत येतो. त्या आठवड्यानंतर तो पुन्हा कुठेही दिसत नाही. ‘अल्पशा’ तर येतच राहिला. तो आजही येतो, आणि त्याची गरज आहे म्हणूनच येतो. पण त्यानंतर तो दर वेळी नवा जुळवलेला असतो: कधी अक्षरे किंचित सैल, कधी घट्ट. दोरे सोडून मामांनी खिळे आपापल्या खणांत परत टाकले असणार. आत्याला मी हे दाखवले तेव्हा तिने भिंग मागून घेतले, पानावर पान उलटले आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, “बोलला नाही मेला कधी.”

तिच्याही पद्धतीत फरक पडला होता. खिडकीवर येणाऱ्याला ती पूर्वीचे सगळे प्रश्न विचारी, आणि शेवटी आणखी एक: “आणि करत कोण होतं त्यांचं?” हे छापण्यासाठी नव्हते, साच्यात त्याला जागाच नव्हती. पण लोक उत्तर देत. कधी जिने केले तीच समोर उभी असे आणि तिला बोलायला सुचत नसे. तेव्हा आत्या पेन्सिल खाली ठेवून थांबे. मागे रांग असली तरी थांबे. “एवढी घाई असेल तर शेजारच्या दुकानातून पोस्टाची तिकिटं घेऊन या तोवर,” असे रांगेतल्यांना सुनावल्याचेही ऐकिवात आहे.

जाऊबाईंचे पुढे काय झाले? थोरला मुलगा एकदा कचेरीत आला, घरच्या गोष्टी चव्हाट्यावर कशा आणता म्हणून तावातावाने बोलला. आत्याने विचारले, “मजकुरात चूक काय आहे तेवढी सांगा, दुरुस्त करू.” तो तसाच निघून गेला. कात्रण जाऊबाईंनी फाडले की पेटीत ठेवले, हे कळायला मार्ग नाही.

धाकटी सून त्यानंतर बरेच दिवस आली नाही. आत्याने तिची वाट पाहणेही सोडले होते. एका सकाळी फळीवर सावली पडली. ती उभी होती, अंगावर बाहेर जायची साडी, हातात कापडी पिशवी, पायांत नव्या वहाणा. त्या चावत असाव्यात, कारण ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती.

“आमचा अंक महिनाभर बंद ठेवायचाय,” ती म्हणाली. “हे दुकानातच वाचतात. घरी वाचायला कुणी नाही.”

“कुठं निघालात?”

“बहिणीकडे. तिचं घर बघितलंच नाही अजून. तिची पोरगी आता शाळेत जाते.”

“महिन्यानं परत चालू करायचा ना?”

“येऊन सांगेन. आधी झोप तरी काढते. बहीण म्हणते, तिच्याकडे पोरंसुद्धा आठ वाजेपर्यंत उठत नाहीत.” आणि मग जरा संकोचून, “ताई, बस कुठून सुटते हो? मी चौकात जाऊन आले, तिथं थांबाच नाही.”

चौकातला थांबा हलवून तीन-चार वर्षे झाली होती. आत्या खिडकीतून अर्धी बाहेर वाकली आणि हात लांब करून तिला नवा रस्ता दाखवला: गिरणीपर्यंत सरळ, मग डावीकडे, मग पुलाच्या अलीकडे विचारायचे. बाईने तो एकदा स्वतःशी म्हणून पाहिला, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि नव्या वहाणा वाजवत निघाली.